तीन नंबरच्या टाकीची चव

चव बघायच्या खोलीचे नियम बाईंनीच केले होते. तासभर आधी चहा-कॉफी नाही, सिगरेट तर नाहीच नाही, अंगाला सेंट नाही, हाताला वासाचा साबण नाही, आणि सगळ्यांचे कागद लिहून होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एकदा मालकीणबाई नव्या शाम्पूने केस धुऊन आल्या, तर बाईंनी त्यांना त्यांच्याच कारखान्यातल्या त्यांच्याच खोलीतून बाहेर काढलं होतं. मालकीणबाई मुकाट्याने गेल्या आणि नुसत्या पाण्याने डोकं परत धुऊन आल्या. असा दरारा! आज त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बाई बसल्या होत्या आणि समोरच्या ग्लासातून त्यांना कसलाही, अगदी कसलाही वास येत नव्हता.

येणार कुठून? पाच महिने झाले, नाक मेलं होतं. सर्दीने चोंदतं तसं नव्हे हो. श्वास नीट जात-येत होता, वास तेवढा गायब. थंडीत साधा ताप आला, तीन दिवस अंथरुणात काढले, चौथ्या दिवशी दात घासायला उठल्या तर पेस्टला वास नाही. साबणाला नाही, चहाला नाही. त्यांनी रॉकेलची बाटली उघडून नाकाशी धरली, तीही पाण्यासारखी. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित परत, कदाचित नाही येणार. इतकी वर्षं शिकून एवढंच सांगायचं होतं होय, असं बाईंच्या मनात आलं. घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. तेव्हापासून आजपर्यंत ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की! त्यात काय एवढं? एवढंच, की बाईंचं नाक सोडलं तर बाईंकडे दुसरं काही नव्हतं.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या गावाबाहेरच्या मोठ्या बिअर कारखान्यात बाटल्या धुवायला लागल्या. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट यायचे, ते गरम पाण्याच्या पट्ट्यावर चढवायचे, एवढंच काम. एक दिवस ही पोरगी क्रेट उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, यातल्या बाटल्यांत कुणीतरी रॉकेल भरून ठेवलं होतं. मुकादम हसला. मग हिने डोळे मिटून क्रेटमधल्या सहा बाटल्या वेगळ्या काढल्या, त्या धुऊन, दुसऱ्या बाटल्यांत मिसळून परत हिच्याच समोर ठेवल्या, तरी हिने त्या सहाच्या सहा ओळखल्या. मुकादमाचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तीन वर्षांत पोरगी चव बघणाऱ्यांच्या टेबलावर गेली आणि तिचं नाव पडलं नाकबाई. पुढे नुसतं बाई. एकोणतीस वर्षं मोठ्या कारखान्यात काढली. मग तिथे वास ओळखणारं यंत्र आलं आणि बाईंना भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप मिळाला. तेव्हा या लहान कारखान्याच्या मालकीणबाई स्वतः घरी आल्या, म्हणाल्या, आमच्याकडे चार टाक्या आहेत, अकरा माणसं आहेत, यंत्र नाही, तुम्ही या. त्यालाही सहा वर्षं होऊन गेली.

लग्न झालं होतं, टिकलं नाही. नवऱ्याच्या शर्टाला कुठला वास येतो हे बाईंना रोज दारातच कळायचं, आणि ते दोघांनाही झेपलं नाही. आता त्या थोरल्या भावाकडे राहायच्या. दादा नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि म्हातारपणी स्वयंपाक शिकत होता. बाईंनी जन्मभर त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. हे करपलंय, त्यात तेल जुनं आहे, ही भाजी कालची आहे. या पाच महिन्यांत मात्र त्या समोर येईल ते गुमान खायच्या आणि छान झालंय म्हणायच्या. दादा इतका खूश, की शेजाऱ्यांना सांगत सुटला, आमची बहीण वयाने निवळली बरं का! हे ऐकलं की बाईंना घास गिळवत नसे.

आणि खरं सांगायचं तर, पहिले आठ-पंधरा दिवस बाईंना बरंच वाटलं होतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं. जन्मभर त्या नाकाला एक दिवस सुटी नव्हती. बसमधली माणसं, जिन्यातला ओला पोछा, शेजारच्यांचं तळण, गटार, दुसऱ्यांची आजारपणं, सगळं न मागता आत यायचं. ते अचानक थांबलं. जग पहिल्यांदा गप्प बसलं. बाई इतक्या दमल्या होत्या की त्यांनी ती शांतता नुसती अंगावर घेतली आणि झोपून राहिल्या. मग गुरुवार आला. पंधरवड्यातून एकदा येणारा, चव बघायचा वार.

उद्या सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू, असं करत वेळ मारून नेली. ती कशी, तर जीभ शाबूत होती. गोड, कडू, आंबट, फेस जिभेला किती चावतो, घशात दारूची ऊब किती, एवढं सगळं अजून कळायचं. उरलेलं त्या इतरांच्या चेहऱ्यांवरून घ्यायच्या. टेबलाला त्यांच्याशिवाय तिघं असायची. मालकीणबाईंना काही खटकलं की त्यांची डावी भुवई हलायची. बिअर बनवणारा, ज्याला सगळे दाढी म्हणायचे, त्याला आवडलं तर तो दुसरा घोट लगेच घ्यायचा. आणि लेबलवाली, म्हणजे बाटल्यांना लेबलं चिकटवणाऱ्या विभागाची प्रमुख, ती शंका आली की पेन्सिल चावायची. बाई सगळ्यांच्या शेवटी कागद भरायच्या. तिघांचे चेहरे वाचायच्या, चौतीस-पस्तीस वर्षांची आठवण त्यात घालायच्या आणि लिहायच्या. एकदाही अडकल्या नाहीत. गुरुवारी घरी जाताना मात्र बसमध्ये बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटायचे, जसं काही दिवसभर पोती उचलली असावीत.

आजचा गुरुवार साधा नव्हता. आज तीन नंबरच्या टाकीची चव होती.

तीन नंबरमध्ये दाढीची सोनेरी एल होती. एल म्हणजे जरा उबेला आंबवलेली बिअर, आणि ही बेल्जियमच्या पद्धतीची. दिसायला फिकट सोनेरी, अगदी निष्पाप, आणि आत दारू साध्या बिअरच्या दुप्पट. हिचं सगळं गुपित यीस्टमध्ये. ते यीस्ट बिअर आंबवताना तिच्यात पिकलेल्या नासपतीचा वास सोडतं, थोडी लवंग, थोडी मिरी. दाढी दोन वर्षं हिच्या मागे लागला होता. आधीच्या चार खेपा त्याने स्वतःच्या हाताने ओतून दिल्या. ही पाचवी. आज पास झाली तर उद्या सकाळी बाटल्यांत भरायची, पंधरवडा उबदार खोलीत ठेवायची आणि मग बाहेर पाठवायची. लेबलं छापून आली होती. पास करायची की नाही ते बाई ठरवणार. अख्खी टाकी, दोन हजार लिटर, आणि दाढीची दोन वर्षं. बाईंना रात्रभर झोप लागली नव्हती.

दाढीने चार ग्लास भरून आणले. पांढराशुभ्र, घट्ट फेस दोन बोटं वर आला आणि बसायला तयार होईना. खालून बारीक बुडबुडे सरळ रेषेत चढत होते. दिसायला दृष्ट लागावी अशी. दाढीने आपली खुर्ची ओढली. तो बसला, त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

बाईंनी ग्लास नाकाशी नेला. काही नाही. स्वच्छ धुतलेल्या काचेला असावं तेवढंसुद्धा नाही. त्यांनी घोट घेतला. कोरडी, फारशी गोड नाही, शेवटी कडवटपणा आटोपशीर, फेस जिभेला छान चावला, घशात ऊब उतरली. इथवर सगळं बरोबर. आता चेहरे. मालकीणबाईंची भुवई जागची हलली नाही. दाढीने दुसरा घोट घेतला, पण लगेच नाही, जरा थांबून. आपलीच बिअर आहे, घाबरला असेल, असं बाईंनी मनाशी म्हटलं. लेबलवाली पेन्सिल चावत नव्हती, लिहीत होती. मग ती थांबली, तिने मान वर केली, आणि परत खाली घालून खोडरबराने काहीतरी खोडलं. बाईंनी लिहिलं: नासपती, लवंग, मिरी. दोष नाही. पास.

कागद गोळा करायचं काम बाईंचंच. त्यांनी चारही एकत्र केले आणि नोंदवहीत उतरवायला घेतले. मालकीणबाई म्हणाल्या, "बोला आता."

"पास," बाई म्हणाल्या.

दाढीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला, हसला, टेबलावर थाप मारली. "उद्या सकाळी सातला लाइन चालू करतो! बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!" मालकीणबाईंनी नोंदवहीत सही केली, दाढीने केली, लेबलवालीने केली. बाईंनीही केली.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. बाई घरी गेल्या असत्या, दादाचं सूप प्यायल्या असत्या. पण कागद फायलीला लावताना लेबलवालीचा कागद सर्वांत वर आला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्या उन्हात खोडलेल्या जागी पेन्सिलचा ओरखडा दिसत होता. वर लिहिलं होतं लवंग. खाली, खोडलेलं, दवाखान्याची पट्टी.

बाईंनी कागद उन्हात धरून परत वाचला. हा दोष त्यांना माहीत होता. जखमेवर लावतात ती चिकटपट्टी, तिचा वास. लवंगेच्या वासाचा तो चुलतभाऊ, इतका जवळचा की नवख्याला फरक कळत नाही. आणि एकदा बिअरमध्ये शिरला की कशानेही जात नाही. त्यांनी गडबडीने कागद पालथा केला. एका क्षणात सगळं मिटलं असतं. कोणी बघितलं नव्हतं. त्या फार दमल्या होत्या हो. नुसती फाईल बंद करायची होती.

"हे काय खोडलंयस गं?" त्यांनी विचारलं.

लेबलवाली दाराशी पोचली होती. ती ओशाळली. "काही नाही बाई. चुकून लिहिलं."

"चुकून म्हणजे? तुला पट्टीचा वास आला की नाही आला?"

"आला म्हणजे... वाटलं तसं. आईला दवाखान्यात ठेवलं होतं ना, तसं काहीतरी. मग मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही नाक मुरडलं नाहीत. म्हटलं, बाईंना लवंग वाटतेय, म्हणजे लवंगच. म्हणून खोडलं."

"तू माझ्या तोंडाकडे बघून लिहितेस?"

आता लेबलवाली गोंधळलीच. तिने मालकीणबाईंकडे बघितलं. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय? आम्ही सगळेच बघतो. तुम्ही आलात तेव्हापासून. तुमचा चेहरा एकदा बघितला की काळजी मिटते. आम्हाला कुठे एवढं कळतंय!"

बाई खुर्चीत बसल्या. त्या बघत होत्या या तिघांच्या तोंडांकडे, आणि ही तिघं बघत होती त्यांच्या तोंडाकडे. पाच महिने चौघं एकमेकांची तोंडं बघत बसली होती, आणि ग्लासातल्या बिअरकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "थंडीत ताप आला तेव्हापासून. अजिबात येत नाही. मीच तुमची तोंडं बघून लिहीत होते."

पलीकडे बाटल्या धुवायचं यंत्र खडखडत होतं तेवढाच आवाज. मालकीणबाईंची भुवई नव्हे, अख्खा चेहराच बदलला. दाढीला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं.

"म्हणजे माझी एल आज कुणीच चाखली नाही?"

"नाही रे."

"बाई, चेष्टा करताय का?"

बाईंनी मान हलवली. दाढी तरातरा गेला आणि तीन ग्लास नव्याने भरून घेऊन आला. बाईंनी तिघांना तीन भिंतींकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना करतात तसं. "कुणी कुणाकडे बघायचं नाही. माझ्याकडे तर नाहीच. काय येईल ते लिहा, चुकलं तरी चालेल." त्या स्वतः टेबलावर हात ठेवून बसून राहिल्या. तीन पाठी त्यांना दिसत होत्या. वेळ लागला. मालकीणबाईंनी तीनदा ग्लास नाकाशी नेला. चेहऱ्यांशिवाय बाईंना काहीच वाचता येईना, आणि त्यांना वाटलं, आपण आता खरोखर आंधळे झालो.

मालकीणबाईंनी लिहिलं होतं, औषधासारखं काहीतरी. लेबलवालीने, पट्टी. या खेपेला खोडलेलं नव्हतं. दाढीने कागद दिलाच नाही. तो भिंतीकडेच तोंड करून म्हणाला, "टाकी धुवायचं औषध संपलं होतं. गेल्या महिन्यात. मी दुकानातून क्लोरीन आणलं. पण तीनदा पाणी मारलं होतं, आईशप्पथ तीनदा. कुठेतरी राहिलंच असणार, झडपेत वगैरे." मग तो वळला. "आठ दिवसांपूर्वी नमुना काढला तेव्हाच मला वाटलं होतं, बाई. रात्री घरी जाऊन बायकोला म्हणालो पण, काहीतरी गडबड आहे. मग म्हटलं, आपल्या मनाचे खेळ असतील. गुरुवारी बाई चाखतील, बाईंना कळेल. आत्ता तुम्ही पास म्हणालात, मी लगेच विसरलो. मला वास येत होता आणि मी विसरलो!"

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाक गेलं त्याला तुम्ही काय करणार? पण सांगितलं असतंत ना, तर मी माझ्या नाकावर विश्वास ठेवला असता." त्याने ग्लास टेबलावर ठेवला. "एवढंच करायचं होतं हो. एवढंच."

बाईंना रडू आलं नाही. यायला हवं होतं, पण तेवढी ताकदच उरली नव्हती. नाक गेल्याची लाज त्या पाच महिने वागवत होत्या. ती लाज चुकीच्या गोष्टीची होती, हे त्यांना आत्ता कळलं. आपण नुसतं लपवत नव्हतो, या तिघांची नाकंसुद्धा आपणच बंद करून ठेवली होती.

दाढीने तीन नंबरची खालची झडप उघडली. सोनेरी बिअर ओल्या फरशीवरून नालीकडे धावली, पांढरा फेस घोट्यापर्यंत चढला. लेबलवालीने पदर नाकाला लावला. यंत्रावरची माणसंही लांबून नाक धरून बघायला लागली. सगळ्यांना वास येत होता. दाढी रबरी बूट घालून फेसात उभा राहिला, फेस झाडूने लोटत.

मालकीणबाई बाईंच्या जवळ आल्या. "आणि बाकीच्या?" त्यांनी हळूच विचारलं. "या पाच महिन्यांत गेलेल्या?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "चांगल्या असतीलही. मला माहीत नाही."

"तक्रार तर आली नाही."

"तुमची माणसं माझं तोंड बघून गप्प बसली. गिऱ्हाईक तुमचं लेबल बघून गप्प बसलं नसेल कशावरून?"

मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला. उद्याचं उद्या बघू म्हणाल्या, आणि एलची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांना फोन करायला आत गेल्या.

बाई चव बघायच्या खोलीत परत आल्या. त्यांनी नोंदवही पुढ्यात ओढली आणि पाच महिने मागे गेल्या, तापानंतरच्या पहिल्या गुरुवारपर्यंत. तिथे त्यांची सही होती, ठसठशीत. तिच्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि शेरा लिहायच्या जागी लिहिलं, वास न घेता सही केली. पान उलटलं. पुढच्या टाकीची नोंद. रेघ. वास न घेता सही केली. पेन आत्ताच जड लागत होतं आणि अजून नऊ नोंदी बाकी होत्या. त्यांनी एकही गाळली नाही, अक्षरही बिघडू दिलं नाही. दाढी ओल्या बुटांनी आत आला तेव्हा त्या आठव्या नोंदीवर होत्या. त्याने वाकून वाचलं. बाजूचा स्टूल ओढून टेबलाच्या पलीकडे बसला, आणि त्या लिहीत राहिल्या तसा तो एकेक पान त्यांच्यासाठी उलटत गेला, अगदी आजच्या तारखेपर्यंत.